आरतीच्या आधी

"सातवा मुद्दा मोठ्यानं वाच," श्रीरंग म्हणाला.

"अरे वाचलाय. कालपासून चारदा वाचलाय."

"मोठ्यानं."

मी चष्मा वर सरकवला आणि फ्रीजच्या दाराला चुंबकानं लावलेला कागद वाचायला लागले, बाईंनी वर्गात उभं केल्यासारखी. "फोन कोणत्याही परिस्थितीत बंद करायचा नाही."

"आठवा?"

"हायवेच्या उत्तरेला जायचं नाही."

"नववा?"

"नदीच्या कठड्याला टेकून उभं राहायचं नाही. रंगा, मी सहासष्ट वर्षांची आहे. सहा नव्हे."

सूनबाई ऋता डबा भरता भरता हसली. श्रीरंग हसला नाही. सहा हा आकडा माझ्या तोंडातून निघाला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावरून काहीतरी सरकून गेलं. मी ते पाहिलं आणि पाहिलं नाही असं केलं. ही सवय मला फार जुनी.

बारा वर्षं झाली या गोष्टीला. आमचे हे गेल्यानंतर मला मिरजेला एकटं ठेवायचं नाही म्हणून लेकानं सहा महिन्यांसाठी अमेरिकेला नेलं. त्याच्या गावाचं नाव डे मॉइन. लिहिताना त्यात दोन एस आहेत आणि बोलताना एकही नाही, हे मला पाठ व्हायला आठवडा लागला. गाव बेताचं. दोन नद्या, त्यांचा संगम, टेकडीवर सोनेरी घुमटाचं विधानभवन, आणि बाकी सगळीकडे विमा कंपन्यांच्या इमारती. त्यातल्याच एकीत माझा मुलगा कामाला. कशात किती धोका आहे याचा अंदाज बांधायचा, हे त्याचं काम. घरीही तेच.

तो कागद आजही माझ्या पोथीत आहे. डावीकडे 'काय टाळायचं', उजवीकडे 'काय पाहायचं'. डावीकडे चौदा मुद्दे. महिन्याच्या पहिल्या शनिवारी दुपारी बाराला भोंगा वाजतो तो वादळाचा नव्हे, चाचणीचा. एरवी वाजला तर थेट तळघर. बर्फ वितळून पुन्हा गोठलं असेल तर पायरीवर आधी टाच टेकायची. उजवीकडे छापलेल्या पाच ओळी: विधानभवन, नदीकाठचं काचेच्या घुमटातलं झाडांचं उद्यान, इमारतीतून इमारतीत नेणारे बंदिस्त पूल, पुतळ्यांची बाग, मे महिना लागला की शनिवारचा बाजार. त्याखाली श्रीरंगनं हातानं लिहिलेली सहावी ओळ. ती त्या सकाळी नव्हती.

"आजचा दिवस नीट पार पडला तर दर शुक्रवारी जा," श्रीरंग कोट चढवत म्हणाला. "बारा वाजता उद्यानातून मेसेज कर. बारा वीसची बस. एकला घरात."

"आणि नाही पार पडला तर?"

"मग आपण शनिवारी-रविवारी एकत्र जाऊ. एकटीनं नाही."

म्हणजे पाच दिवस काचेच्या आत बसायचं आणि रस्त्यावरून जाणारे कुत्रे मोजायचे. पाच महिने तेच केलं होतं. मी म्हटलं, "पार पडेल बरं!"

निघताना त्यानं माझ्यासमोर गुडघा टेकून माझ्या पांढऱ्या बुटांच्या नाड्या बांधल्या. मी पाय मागे घेतला तरी सोडला नाही. बुटाच्या जिभेच्या आतल्या बाजूला काळ्या पेनानं त्याचा फोन नंबर लिहिलेला होता. "असू दे," म्हणाला. वर बघितलं नाही.

बसमध्ये मी खिडकीशी बसले. हिरवी शाल, लोकरीची टोपी, सहावारी आणि खाली बूट. ड्रायव्हरनं दोनदा आरशातून पाहून घेतलं. उद्यान पाहिलं. काचेच्या आत केळीचं झाड बघून डोळ्यांत पाणी आलं, हे कबूल करते. आपल्या परसातली केळ आपण कधी नजर टाकून बघत नाही, आणि इथं तिच्यापुढे पाटी लावून ठेवलेली! नदी लांबूनच पाहिली. वितळलेल्या बर्फानं फुगलेली, मातकट, घाईत असलेली. कठड्याला टेकले नाही.

साडेअकरालाच मी बसस्थानकावर हजर. सगळं कसं नीट पार पडलं ते श्रीरंगला सांगायची मनात तयारी करत होते. तेवढ्यात शेजारच्या बाकावर तीन बायका येऊन बसल्या. कृष्णवर्णीय, माझ्याच वयाच्या, अंगावर काळे झगे, डोक्यावर भल्यामोठ्या काळ्या हॅट. मधलीनं पिशवी मांडीवर घेतली आणि पिशवीतून छुम्म असा आवाज आला.

त्या आवाजानं मी वळून बघितलं. पिशवीतून एक गोल कड डोकावत होती आणि कडेला पितळी चकत्या. खंजिरी!

हे मला इथं सांगायला हवं. माझे वडील, अण्णा, कीर्तनकार. गावोगाव त्यांची कीर्तनं व्हायची आणि वयाच्या नवव्या वर्षापासून मी त्यांच्यामागे झांज धरून उभी. लग्नानंतरही, कीर्तन जवळपास असलं की झांज माझीच. अण्णांचा एकच दंडक होता. कीर्तनकार उभा असताना श्रोत्यानं मधेच उठायचं नाही. पूर्वरंगात निरूपण चालू असो की उत्तररंगात कथा, एकदा बसलं की आरती होईपर्यंत बसायचं. "एक माणूस उठला की कथेला भोक पडतं," असं म्हणायचे. आणि मी आयुष्यात एकदाही उठले नव्हते. ताप असताना नाही, दिवस भरत आलेले असताना नाही. वाडीलाही नाही.

"धिस," मी खंजिरीकडे बोट दाखवलं, "यू प्ले?"

तिनं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, मग खंजिरी काढून सरळ माझ्या हातात दिली. मी भजनी ठेका धरला. चारच आवर्तनं. पण पाच महिने उपाशी असलेले हात होते ते. शेजारची बाई टाळ्या द्यायला लागली, पलीकडे उभा असलेला एक तरुण कानातल्या वायरी काढून बघायला लागला.

"अगं बाई," खंजिरीवाली म्हणाली. म्हणजे इंग्रजीत जे म्हणाली ते तेच होतं. तिचं नाव अर्लीन. आज गुड फ्रायडे, तिच्या चर्चमध्ये बारापासून सात जण बोलणार आहेत, एकामागून एक. "म्हणजे बोलणार नाहीत," तिनं बोट हलवलं, "तू बघच. चल आमच्याबरोबर."

"व्हेअर?"

"इथून बसनं दहा मिनिटं."

"नॉर्थ? हायवे... दॅट साइड?"

"हो, पलीकडेच. माझा जन्म तिथला. का गं?"

तिच्या डोळ्यांत एक जुनी, थकलेली सावधगिरी आली. असा प्रश्न तिनं पहिल्यांदा ऐकला नव्हता. फ्रीजवरचा आठवा मुद्दा मी त्या बाईला तोंडावर कसा वाचून दाखवणार? माझी मलाच लाज वाटली.

"नथिंग," मी म्हटलं. "आय कम. टेन मिनिट."

दहाच मिनिटं. दारातून बघायचं, सूर कानावर घ्यायचा आणि पुढची बस पकडायची. एकच्या ऐवजी दीड होईल. असा हिशेब माझ्या मनात अगदी चोख होता.

चर्च लहानसं, विटांचं. पायऱ्यांवर पोचले तोवर आतून ऑर्गनचा आवाज यायला लागला होता. मी दारापाशी बसले, बूट काढले, जोडी भिंतीकडेला नीट लावली. देवळात बूट घालून कसं जायचं? अर्लीन बघतच राहिली. "हनी, पाय गार पडतील!" मी म्हटलं, "गॉड हाउस," आणि मोज्यांनिशी आत गेले. दारातच उभी राहणार होते, पण पांढरे हातमोजे घातलेल्या एका बाईनं माझं कोपर धरून मला चौथ्या रांगेत नेऊन बसवलं. बसले, आणि हात आपोआप पिशवीत गेला. कीर्तनाला बसायचं तर फोन बंद. कुणी सांगावं लागत नाही. अंगवळणी पडलेलं. मी बटण दाबून धरलं, पडदा काळा झाला. सातवा मुद्दा मला आठवलासुद्धा नाही.

पहिला माणूस उभा राहिला तो हळू, साध्या आवाजात बोलायला लागला. ग्रंथातलं एक वचन वाचलं, त्याचा अर्थ सांगायला लागला. मी मनात म्हटलं, हा पूर्वरंग. मग शब्द जरा लांबले. वाक्याच्या शेवटाला सूर लागला. ऑर्गन त्याच्यामागून येऊन त्याच सुरावर टेकला, पेटीवाला बुवांच्या पदामागून येतो तसा. माणसं उत्तरं देऊ लागली. तो एक ओळ टाकायचा, हे उचलायचे. आणि बघता बघता बोलणं कुठं संपलं आणि गाणं कुठं सुरू झालं ते कळलंच नाही. मला निम्मं इंग्रजी कळत होतं. उरलेलं निम्मं सूर सांगत होता. क्रुसावर चढवलेल्या देवाचे शेवटचे सात उद्गार, आणि एकेका उद्गारावर एकेकाचं निरूपण. सात उत्तररंग! अण्णा असते तर पागोटं काढून त्या माणसाच्या पायावर ठेवलं असतं.

दुसरी एक तरुण मुलगी होती. तिनं तर रडवलं. ती बसली तेव्हा भिंतीवरच्या घड्याळात एक वाजून पाच मिनिटं झाली होती.

एकला घरात पोचायचं होतं. श्रीरंग. पण तिसरे बुवा उठले होते. मी त्यांना बुवाच म्हणणार. वाळकेसे, काठीवर भार देऊन आलेले, ऐंशीच्या घरातले. ते उभे, आणि मी उठू? आता पाच राहिलेत, मी मनाशी म्हटलं. मधेच कसं उठायचं? आरती होऊ दे.

आरती होऊ दे. हे तीन शब्द मी आधीही एकदा म्हटले होते. पण मी बसून राहिले.

बुवांनी आवाज अगदी खाली ठेवला होता. ते आईबद्दल सांगत होते. मुलगा वर लटकलेला, मित्र पळून गेलेले, आणि आई खाली. बाकी सगळं सोडा, म्हणाले, ती काय करत होती ते बघा. ती उभी होती.

"उभी होती," मागून कुणीतरी म्हणालं.

तिला बसायला कुणी मना केलं नव्हतं. बसली असती तर कुणी बोललं नसतं. पण ती उभी होती! ऑर्गननं तो सूर उचलला. त्याला वरून दिसावी म्हणून उभी होती! माणसं उठायला लागली. आणि तो मुलगा, ज्याला श्वास पुरत नव्हता, तो काय करत होता? आईची सोय लावत होता. हिला कोण सांभाळेल, ही कुणाच्या घरी राहील, ते सांगत होता. मरता मरता!

माझ्या डोळ्यांपुढे फ्रीजवरचा कागद आला. चौदा मुद्दे. बुटाच्या जिभेखालचा नंबर.

आणि मग वाडी आली.

नरसोबाची वाडी, कृष्णेचा घाट, अण्णांचं संध्याकाळचं कीर्तन. मी मागे झांज घेऊन. उत्तररंग ऐन भरात. तेव्हा आमचे धाकटे दीर, वामनभाऊजी, गर्दीतून वाकून माझ्यापाशी आले. "वहिनी, रंगा दिसत नाही. घाटाकडं गेला म्हणतात." सहा वर्षांचा होता. मी अण्णांच्या पाठीकडे बघितलं. झांज माझ्या हातात. मी ठेका न सोडता भाऊजींना म्हटलं, "इथंच असेल कुठंतरी. आरती होऊ दे." आणि मी उभी राहिले तिथंच. पाऊण तास. झांज वाजवत.

आरतीनंतर एका नावाड्यानं त्याला खांद्यावरून आणला. कमरेपर्यंत भिजलेला. चिकट हात धुवायला उतरला होता, शेवाळावरून घसरला, आणि खालच्या पायरीच्या साखळीला धरून पाण्यात उभा राहिला होता. पुढं मी ही गोष्ट किती ठिकाणी सांगितली! सत्यनारायणाला, हळदीकुंकवाला, त्याच्या लग्नात व्याह्यांसमोर. मी कीर्तनात रंगून गेलेली, मला काही कल्पनाच नाही, आणि दत्तमहाराजच नावाडी होऊन आले. माणसं हात जोडायची. भाऊजींचा भाग मी कधी सांगितला नाही. नंतर नंतर मलाही वाटायला लागलं होतं की तो घडलाच नाही.

बुवा गात होते. ती उभी होती, ती उभी होती. आणि मी चौथ्या रांगेत बसले होते.

मी उठले.

सगळ्यांना वाटलं माझ्या अंगात आलं. "येस, मदर!" कुणीतरी ओरडलं. "उभी राहा, मदर!" अर्लीननं माझ्या पाठीवर हात ठेवला. मी तिला म्हटलं, "माय सन. आय गो. माय सन." तिनं माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि तत्काळ पाय आत घेऊन वाट दिली. मी बुवांना तिथूनच हात जोडले. त्यांनी गाता गाताच मान लववली. आणि मी मोज्यांनिशी, सगळ्या सभेच्या मधून, दाराकडे चालत निघाले. आयुष्यात पहिल्यांदा.

चालता चालता फोन सुरू केला. पडदा उजळला आणि थरथरायला लागला, थांबेचना. तेवीस वेळा श्रीरंग. सहा वेळा ऋता. बाहेरचं दार ढकललं.

पायरीवर श्रीरंग वाकून उभा होता. त्याच्या हातात माझा बूट होता. जीभ उलटी करून तो स्वतःचाच नंबर वाचत होता.

त्यानं वर पाहिलं. आधी माझ्या पायांकडे, मग तोंडाकडे.

"फोन," एवढंच म्हणाला.

"बंद केला होता."

"सातवा मुद्दा."

"हो."

"आणि हे हायवेच्या उत्तरेला आहे."

"हो रे."

"दीड तास, आई." आवाज चढला नाही, उलट बसला. "पोलिसांना फोनवर तुझं वर्णन सांगत होतो. त्यांनी उंची विचारली. मला तुझी उंची माहीत नव्हती. एवढं सगळं लिहून ठेवलं आणि उंची नाही."

"इथं कसा आलास?"

"बसच्या ड्रायव्हरनं सांगितलं. हिरव्या शालीची बाई, खंजिरी वाजवत होती. चर्चच्या बायकांबरोबर उतरली. या भागात पाच चर्चं आहेत. मग हे दिसले." त्यानं बूट हलवला. "दारात बूट काढून आत बसणारी या गावात दुसरी कोण असणार?"

मी हसले असते, पण माझं लक्ष त्याच्या पायांकडे गेलं. ऑफिसचे काळे बूट घोट्याच्या वरपर्यंत चिखलानं माखले होते. विजार पोटरीपर्यंत ओली.

"तू नदीत उतरलास?"

"काठानं गेलो. उद्यानाच्या मागनं." तो थांबला. "पुलाखाली काहीतरी अडकलं होतं. हिरवं."

मी त्याचा दंड धरला.

"प्लास्टिक होतं," तो म्हणाला आणि पायरीवर खाली बसला. मीही बसले, त्याला लागून. एप्रिलचं ऊन होतं, पण फरशी गार. आत बुवांचा आवाज वर चढला आणि लोकांनी तो झेलला. श्रीरंगनं मान वळवून दाराकडे पाहिलं.

"संपलं नाही अजून?"

"तिसरेच बुवा आहेत. सात आहेत."

"आणि तू उठलीस?"

"उठले."

बुटाच्या नाडीला गाठ पडली होती, ती नखानं सोडवत राहिला.

"वाडीला मला सगळं कीर्तन ऐकू येत होतं," मग तो म्हणाला. "घाटावर कर्णा लावला होता ना. पाणी इथवर होतं. आजोबांचा आवाज यायचा, आणि मागे तुझी झांज. झांज वाजतेय म्हणजे तू अजून येणार नाहीस, हे मला कळत होतं. मी झांज थांबायची वाट बघत होतो."

छत्तीस वर्षांत त्यानं हे बोलून दाखवलं नव्हतं.

"रंगा," मी म्हटलं. "मी सांगते ती गोष्ट खरी नाही. मला कळलं होतं. वामनभाऊजी येऊन सांगून गेले होते, तू घाटाकडे गेलास म्हणून. मी म्हटलं, आरती होऊ दे."

तो गाठ सोडवत राहिला.

"माहीत आहे," म्हणाला.

"कुणी सांगितलं?"

"काकांनीच. इकडं यायला निघालो तेव्हा विमानतळावर. त्यांना इतकी वर्षं ते पचलं नव्हतं बहुतेक."

"म्हणजे तुझ्या लग्नाच्या आधी!" मला मांडवातली ती संध्याकाळ आठवली. मी नावाड्यापाशी आल्यावर सूर कसा लांबवला होता, व्याह्यांनी डोळे कसे पुसले होते, आणि श्रीरंग मुंडावळ्या बांधून शेजारी बसून होता. "तुला माहीत होतं, आणि तरी तू ऐकून घेतलंस?"

"तू इतकं रंगून सांगत होतीस." तो पहिल्यांदाच जरासा हसला. "मधेच कसं उठायचं? तूच शिकवलंस ना."

मला रडू आलं. आवाज न करता रडायची मला सवय नाही. पांढऱ्या हातमोज्यांच्या बाईनं दार किलकिलं करून पाहिलं, आमच्यामध्ये कागदी रुमालांचा डबा ठेवला आणि दार लावून घेतलं.

"चुकलं माझं," मी म्हटलं. "तेव्हा उठायला हवं होतं."

"हो," तो म्हणाला. नाही गं, असू दे गं, असलं काही म्हणाला नाही. बरं वाटलं मला. त्या 'हो'साठी मी त्याची अजून ऋणी आहे.

मग तो माझ्यापुढे गुडघा टेकून बसला, सकाळसारखा. माझा डावा पाय उचलून मोज्याला लागलेली माती झटकली, बूट चढवला, नाडी बांधली. या वेळी मी पाय मागे घेतला नाही. दुसरा बूट हातात घेतला आणि थांबला. आत तिसरे बुवा बसले होते. क्षणभर शांतता होती, आणि मग एका बाईचा आवाज लागला, चौथ्या निरूपणाचा. खोल, सावकाश, अगदी खालच्या सुरातला. श्रीरंग ऐकत राहिला. अण्णांचा नातू आहे शेवटी. त्याचा अंगठा माझ्या घोट्यावर ठेका धरायला लागला होता, हे त्याला कळलंही नसेल.

त्यानं बांधलेली नाडी सोडली. बूट पुन्हा काढला. मग पायरीवर टेकून स्वतःचे बूट काढले, ओले मोजे काढले, आणि दोन्ही जोड्या भिंतीकडेला ओळीनं लावल्या. माझी पांढरी, त्याची चिखलाची.

खिशातला फोन वाजला. ऋता.

"सापडली," तो म्हणाला. "हो. ठीक आहे. चर्चमध्ये... चर्चमध्ये गं! घरी सांगतो सगळं." मग जरा ऐकून घेतलं, माझ्याकडे पाहिलं आणि दार ढकलून माझ्यासाठी धरून ठेवलं. अर्लीननं आतून आम्हाला पाहिलं आणि बाकावर सरकून दोघांची जागा केली.

"नाही, लगेच नाही निघत," आवाज खाली करत श्रीरंग फोनमध्ये म्हणाला. "अजून चार जण व्हायचे आहेत. मधेच नाही उठता येत."